रेडिओची पाठ उघडल्यावर

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

गेल्या पावसाळ्यात मेहकरच्या एका जुन्या घरातून माझ्याकडे व्हॉल्व्हचा एक रेडिओ आला. घर पाडून नवे बांधायचे होते. तांब्या-पितळेची भांडी वाटली गेली, शिसवी पलंग वाटला गेला. रेडिओ मात्र कोणालाच नको होता. ‘तुम्ही असल्या वस्तूंत रमता, तुम्हीच घेऊन जा,’ म्हणून घरच्यांनी तो गाडीत ठेवला. घरी येऊन मी पाठीचे पुठ्ठ्याचे झाकण काढले. आत कोळ्याची जाळी, उंदराने कापूस आणून केलेले घरटे आणि बोटभर धूळ. ती झटकली तेव्हा पत्र्याच्या शासीच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेल्या तीन तारखा दिसल्या : १२-६-६३, ४-५-६६ आणि ९-१२-७१.

जुने मेकॅनिक दुरुस्ती झाली की अशी तारीख टाकून ठेवत. तोच रेडिओ पुन्हा दुकानात आला तर मधे किती दिवस चालला ते कळावे, एवढाच हेतू. आज मात्र त्या तीन तारखा मला एखाद्या दस्तऐवजासारख्या वाटतात. आपल्याकडे रेडिओचा इतिहास लिहिला गेला तो बहुतेक स्टुडिओतला : निवेदक, गायक, श्रुतिका. ऐकणाऱ्याच्या घरात रेडिओचे काय झाले, हे कोणी फारसे लिहिले नाही. ते या झाकणाआड आहे. म्हणून आज जुना रेडिओ घरी कसा दुरुस्त करावा हे सांगताना थोडे आपल्या जिल्ह्याचेही सांगतो. रेडिओत काय बिघडते, हे तो कुठे आणि कशा विजेवर चालला यावर पुष्कळ अवलंबून असते.

मुंबईचे केंद्र सुरू झाले २३ जुलै १९२७ रोजी. ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आले १९३६ साली. बुलडाणा जिल्हा तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता, त्यामुळे आपल्या प्रांताचे म्हणावे असे केंद्र आपल्याला मिळाले ते १९४८ साली, नागपूरला. पण नागपूर आपल्यापासून सरळ रेषेत तीनशे किलोमीटरच्या वर आणि मुंबई पावणेचारशेच्या आसपास. मध्यम लहरी दिवसा जमिनीला धरून चालतात आणि एवढ्या अंतरावर येईतो दमतात. रात्री त्याच लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून लांबवर पोचतात. दिवसभर खरखर करणारा रेडिओ जेवणं उरकेपर्यंत एकदम बोलायला लागे, त्याचे कारण हे. खानदेशातल्या जळगावला आणि तेव्हाच्या औरंगाबादला आकाशवाणीची केंद्रे आली ती १९७६ साली. (आपले जळगाव जामोद वेगळे, हे बाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगून ठेवतो.) तोवर जिल्ह्यातल्या रेडिओवाल्याची निम्मी विद्या ही एरियलची विद्या होती.

घराच्या धाब्यावर दोन बांबू आणि त्यांच्यामध्ये ताणलेली तांब्याची तार, नाहीतर बैठकीच्या भिंतीवर तांब्याच्या जाळीची पट्टी. दुसरी तार जमिनीत पुरलेल्या पत्र्याला. आपली काळी जमीन उन्हाळ्यात हातभर भेगाळते, ओलावा जातो आणि अर्थिंग कुचकामी होते. मग रेडिओ ‘बिघडतो’. जाणते लोक तिथे बादलीभर पाणी ओतत आणि रेडिओ सुधारे! आजही जुन्या रेडिओची तक्रार घेऊन कोणी आले तर मी आधी एरियल विचारतो. आज त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे : घरात एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर किती आहेत? या सगळ्यांची खरखर मध्यम लहरींवर उतरते. मेन स्विच बंद करावा आणि सेलवर चालणारा छोटा ट्रान्झिस्टर लावून पाहावा. त्याची खरखर थांबली, तर दोष रेडिओचा नाही.

गावोगाव विजेचे खांब पोचायच्या आधी खेड्यातला रेडिओ म्हणजे बॅटरीचा रेडिओ. त्याची कोरडी बॅटरी दोन भागांची असे : दीड व्होल्टचा भाग व्हॉल्व्हचे फिलामेंट तापवायला आणि नव्वद व्होल्टचा भाग प्लेटला. ती महाग, शिवाय तालुक्याहून आणावी लागे. त्यामुळे पुष्कळ घरांत रेडिओ बातम्यांपुरताच लागायचा. त्याखेरीज पोस्टात वर्षाला पंधरा रुपये भरून परवान्याचे पुस्तक ताजे ठेवावे लागे. हा परवाना १९८५ साली रद्द झाला. पुष्कळांच्या जुन्या ट्रंकेत ते पुस्तक अजून सापडेल.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी आपण मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षी राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. शेजारच्या अकोला जिल्ह्यातले पारसचे वीज केंद्रही त्याच दशकाच्या सुरुवातीचे. पुढच्या वर्षांत वीज पसरत गेली, पण ती कशी? संध्याकाळी दिवेलागणीला व्होल्टेज इतके पडायचे की बल्बची तार लाल दिसावी. अशा वेळी व्हॉल्व्हचा रेडिओ नुसता बारीक बोलत नाही, तो साफ मुका होतो. त्याच्या आत ‘ऑसिलेटर’ नावाचा भाग असतो. केंद्र पकडण्यासाठी तो स्वतःची एक लहर तयार करतो. व्होल्टेज फार उतरले आणि त्यात व्हॉल्व्ह थकलेला असला, की ही लहरच थांबते. स्पीकर ठीक, व्हॉल्व्ह पेटलेले, आणि केंद्र एकही नाही! लोक रेडिओ उचलून दुकानात नेत, दुपारी बारा वाजता तो तिथे खणखणीत वाजे. मेकॅनिक फसवतो असा समज होण्यामागे हेही एक कारण असावे.

काही रेडिओंना पाठीमागे व्होल्टेज बदलण्याची खुंटी असते : ११०, १२७, २२०, २४५ अशी. आवाज मोठा यावा म्हणून संध्याकाळी कोणीतरी ती खालच्या आकड्यावर सरकवून ठेवी. रात्री अकराला पिठाच्या चक्क्या, पंप बंद झाले की व्होल्टेज उसळून वर जाई आणि ट्रान्सफॉर्मरचा धूर निघे. जुना रेडिओ हाती आला की ही खुंटी कुठे आहे ते प्लग लावण्यापूर्वी पाहा. मी असे जळके ट्रान्सफॉर्मर तीन-चार तरी पाहिले आहेत.

मेहकरच्या रेडिओला मात्र ट्रान्सफॉर्मरच नव्हता. तो एसी-डीसी जातीचा. कुठे एसी वीज, कुठे डीसी, अशा काळात दोन्हींवर चालावा म्हणून केलेली ही रचना. त्यात व्हॉल्व्हची फिलामेंट एकापुढे एक, जत्रेतल्या दिव्यांच्या माळेसारखी जोडलेली असतात. यूसीएच ८१ आणि यूबीएफ ८९ यांना प्रत्येकी १९ व्होल्ट, यूसीएल ८२ ला ५०, यूवाय ८५ ला ३८, बेरीज १२६. आपली वीज २३० ची. उरलेले १०४ व्होल्ट एका जाड रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जातात. माळेतला एक दिवा गेला की सगळे विझतात, तसे इथेही. प्लग काढून मल्टिमीटरने प्रत्येक व्हॉल्व्हची चौथी आणि पाचवी पिन तपासली. चारही फिलामेंट शाबूत निघाली. तुटला होता तो जाड रेझिस्टर. त्याच्याकडे नीट पाहिले तर तो मूळचा नव्हताच. दोन वेगळ्या रेझिस्टरांना तारेने बांधून कोणीतरी जुळणी केली होती, आणि शेजारी तारीख होती ४ मे १९६६. मेच्या सुरुवातीला घाटावरसुद्धा पारा कुठे जातो ते आपल्याला माहीत आहे. त्यात बंद लाकडी पेटी आणि पोटात हा निखारा. मूळ रेझिस्टर का तुटला असेल, याचा अंदाज करायला मीटर लागत नाही.

इथे थांबून एक गोष्ट बजावतो. एसी-डीसी रेडिओची शासी विजेच्या एका तारेला सरळ जोडलेली असते. दोन पायांचा प्लग उलटा बसला की सगळा पत्रा २३० व्होल्टवर येतो. बटणांचे स्क्रू उघडे असतील तर तेही. असल्या रेडिओची शासी अर्थिंगला कधीही जोडू नये, आणि उघडा असताना तो आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय चालू करू नये. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. ती रेझिस्टरमधून उतरवून मगच हात घालावा. विजेच्या कामाची सवय नसेल त्याने साफसफाई, एरियल आणि डायलचा दोरा एवढ्यावर समाधान मानावे. त्यात कमीपणा नाही.

दुसरी चूक हमखास होते ती उत्साहात. वीस वर्षे बंद असलेला रेडिओ मिळाला की पहिल्यांदा काय करतो आपण? प्लग लावतो. तेच करू नये. त्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या आत ॲल्युमिनियमवर जो पातळ थर असतो तो न वापरता विरत जातो. एकदम पूर्ण व्होल्टेज मिळाले की कपॅसिटर तापतो, फुगतो, कधी फुटतोही. आपल्याकडच्या वायरमनांचा सिरीज बोर्ड इथे फार कामाचा. साठ वॅटचा तारेचा जुना बल्ब रेडिओच्या वाटेत जोडायचा. बल्ब लखलखीत पेटून तसाच राहिला, तर आत शॉर्ट आहे, बंद करा. पेटून हळूहळू मंदावला, तर पुढे जायला हरकत नाही. एलईडी बल्ब याला चालत नाही, म्हणून मी तारेचे चार बल्ब जपून ठेवले आहेत.

खामगावला तरुणपणी मी एका दुकानात जाऊन बसत असे. तिथले मेकॅनिक म्हणत, ‘पह्यले नाकानं पाह्य, मंग कानानं, अन् मीटर सगळ्यात शेवटी.’ जळका रेझिस्टर, तापलेला ट्रान्सफॉर्मर, उंदराचा मूत, प्रत्येकाचा वास वेगळा. मग कान. आवाजाचे बटण पूर्ण बंद करूनही सतत घूंऽऽ असा सूर येत असेल तर वीज गाळणारे फिल्टर कपॅसिटर गेले. बटण फिरवताना खर्रकन आवाज आला तर त्या बटणाच्या आतली कार्बनची पट्टी मळली. बँड बदलताना केंद्र येते-जाते, तर स्विचचे पितळ काळे पडले. या शेवटच्या दोन गोष्टी दुकानात मिळणाऱ्या कॉन्टॅक्ट क्लीनरने निम्म्या वेळा सुटतात.

मेहकरच्या रेडिओत रेझिस्टर बदलला, फिल्टर कपॅसिटर बदलले. व्हॉल्व्ह पेटले, आवाजही आला, पण तो नरड्यात काहीतरी अडकल्यासारखा, आणि पाच मिनिटांत यूसीएल ८२ हात लावू देईना. या ठिकाणी जुन्या रेडिओंचा सगळ्यात सामान्य आणि सगळ्यात घातक रोग असतो. आवाजाच्या पहिल्या टप्प्यावरून शेवटच्या व्हॉल्व्हकडे जाताना मधे एक छोटा कपॅसिटर असतो, ‘पॉइंट झिरो वन’ चा. त्याचे काम दाराशी बसलेल्या राखणदाराचे : आवाज आत सोडायचा, डीसी वीज बाहेरच अडवायची. हे कपॅसिटर कागदाचे आणि वरून मेणाचे. आपल्या उन्हाळ्यात मेण पाघळते, पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि राखणदार लाच खाल्ल्यासारखा डीसीलाही आत सोडू लागतो. शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर असावा शून्य किंवा किंचित ऋण व्होल्ट. मीटरवर दिसले अधिक अकरा. असे असताना रेडिओ चालवत राहिलो तर आधी व्हॉल्व्ह जातो आणि पाठोपाठ आउटपुट ट्रान्सफॉर्मर.

कपॅसिटर काढला आणि लक्षात आले की तोही मूळचा नाही. दुसऱ्या कुठल्या तरी रेडिओतून उपटलेला, पाय आखूड म्हणून तार वाढवून बसवलेला, आणि त्या जागेला लागते त्याहून कमी व्होल्टचा. सोल्डरचा गोळा मोठा, घाईचा. १९६६ च्या कामाशी ताडून पाहिले : ते हात निराळे होते. हे काम तिसऱ्या तारखेचे असणार.

९ डिसेंबर १९७१. बांगलादेश युद्धाचा सातवा दिवस. त्या दिवशी मेहकरात बंद रेडिओ घेऊन दुकानात आलेल्या माणसाला ‘अकोल्याहून माल येऊ द्या, आठवड्यानं या’ असे कोण सांगणार? ज्यांच्या घरचे कोणी फौजेत होते त्यांचा तर विचारच नको. मेकॅनिकने हाताशी होते ते लावले आणि रात्रीच्या बातम्यांच्या आत रेडिओ परत केला असावा, असा माझा तर्क. एरवी असले काम पाहून मी नाक मुरडले असते. पुढची पन्नास वर्षे त्या चुकीच्या कपॅसिटरने रेडिओला हळूहळू खाल्ले हे खरे, पण त्या आठवड्यात तो वाजला असणार. आता मी तिथे ६३० व्होल्टचा प्लास्टिक फिल्मचा कपॅसिटर घातला आहे. जुना फेकला नाही. एका पाकिटात तारीख लिहून पेटीतच चिकटवला.

आवाजाची बाजू सुधारली, तरी केंद्र लागेना. इथे एक युक्ती सांगतो, तिला खर्च नाही. बिघडलेल्या रेडिओचा काटा ८०० किलोहर्ट्झवर ठेवा. त्याचा ऑसिलेटर चालू असेल तर तो ४५५ ने वर, म्हणजे १२५५ च्या आसपास बोलत असतो. दुसरा छोटा ट्रान्झिस्टर शेजारी धरून तिथे सुई फिरवा. एका जागी खरखर गप्प होऊन शांतता पसरली, तर ऑसिलेटर जिवंत आहे, दोष पुढे शोधा. माझ्या ट्रान्झिस्टरवर शांतता आलीच नाही. बँड स्विचचा एक पाय काळा पडला होता. तो घासल्यावर ऑसिलेटर उठला आणि रात्री साडेनऊला पहिले केंद्र लागले. डायलवर काटा मात्र किंचित बाजूला. त्याला रेडिओ जबाबदार नसेलही : नोव्हेंबर १९७८ मध्ये आपल्यासह आशिया-युरोपातल्या मध्यम लहरींच्या केंद्रांची फेरमांडणी होऊन त्यांच्यातले अंतर नऊ-नऊ किलोहर्ट्झचे ठरले, आणि त्याआधीच्या डायली जुन्या हिशेबाच्या राहिल्या.

ट्रान्झिस्टर रेडिओबद्दल थोडक्यात सांगतो. गळलेल्या सेलने खाल्लेल्या पट्ट्या आणि तुटलेल्या तारा हे त्याचे नेहमीचे आजार. पण एक मौज आहे. साठच्या दशकातल्या काही सेटांत एएफ ११६ सारखे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असत. त्यांच्या धातूच्या टोपीच्या आत कालांतराने कथलाचे केसाहून बारीक तंतू उगवतात आणि आतल्या भागांना टोपीशी शॉर्ट करतात. टिचकी मारली की तंतू तुटतो, रेडिओ वाजतो, काही दिवसांनी पुन्हा बंद. रेडिओला थापड मारून चालू करणाऱ्या आपल्या काकांना आपण हसत आलो. त्यांचा उपाय अगदीच अशास्त्रीय नव्हता!

आणि स्टिरिओ. सत्तर-ऐंशीच्या दशकांत, नोकरीतल्या, व्यापारातल्या घरांत दोन स्पीकरांचे मोठे रेडिओ-ॲम्प्लिफायर आले. शोकेसमध्ये मधोमध जागा, वर क्रोशाचा रुमाल. पुढच्या पट्टीवर ‘स्टिरिओ’ लिहिलेला छोटा लाल दिवा असे. एफएमवर स्टिरिओ प्रसारण असेल तर त्यात १९ किलोहर्ट्झची एक खूण मिसळलेली असते, ती मिळाली की हा दिवा लागतो. १९८० च्या सुमारास आपल्या जिल्ह्यात असे प्रसारण येत नव्हते, म्हणून तो दिवा बहुतेक घरांत पेटलाच नाही. ‘दिवा गेला’ म्हणून दुरुस्तीला आणलेले सेट दुकानात आलेले मी पाहिले आहेत. दिव्याची काहीच चूक नसायची. कॅसेट आणि रेकॉर्डीपुरते दोन स्पीकर, आणि रेडिओ दोन्हींतून एकच.

पण घरी दुरुस्ती करणाऱ्याला स्टिरिओसारखे वरदान नाही. त्याच्या पोटात एकच सर्किट दोनदा बांधलेले असते, डावे आणि उजवे. डावी बाजू बंद असेल तर नकाशा शोधत हिंडायला नको. उजवी बाजू हाच नकाशा. आधी स्पीकरच्या तारा अदलाबदल करून पाहा : दोष स्पीकरबरोबर गेला तर स्पीकर, जागीच राहिला तर ॲम्प्लिफायर. मग दोन्हीकडच्या त्याच-त्या ठिकाणी व्होल्ट मोजत जा. जिथे आकडे फुटतात तिथे बोट ठेवा. पुष्कळ देशी ॲम्प्लिफायरांत २एन ३०५५ हे जाड आउटपुट ट्रान्झिस्टर असत. ते शॉर्ट झाले की फ्यूज उडतो. फ्यूजच्या जागी तार घालून ‘चालू’ केलेले सेट मिळतात, त्यांत स्पीकरची कॉइल जळलेली असते. म्हणून दुरुस्तीनंतर स्पीकर जोडण्याआधी त्या टोकांवर डीसी मोजावे. काही मॉडेलांत स्पीकरच्या वाटेत मोठा कपॅसिटर असतो, तिथे थोडी वाट पाहिली की शून्य दिसते. इतरत्र काही मिलिव्होल्ट ठीक. त्याहून जास्त असेल तर स्पीकर लांब ठेवा.

अलीकडे जुने रेडिओ शहरांत चांगल्या किमतीला जातात. घेणारे आतली शासी काढून टाकतात, ब्लूटूथचा तुकडा बसवतात आणि पेटीला पॉलिश करतात. पेटी छान दिसते, तक्रार नाही. पण तारखा शासीवर असतात. तिच्याबरोबर त्या भंगारात जातात, आणि एका तालुक्यात एका माणसाने कुठल्या साली काय तुटले म्हणून काय जोडले, हे कळण्याचा मार्गही जातो. ब्लूटूथ बसवायचेच असेल तर शासीला हात न लावता पेटीच्या कोपऱ्यात बसवता येते. काढलीच तर निदान तिचे फोटो घ्या, आकडे उतरवून ठेवा.

राहता राहिला ऐकायचे काय हा प्रश्न. मध्यम लहरींवरची केंद्रे कमी होत चालली आहेत. नागपूरहून १९८८ पासून दहा लाख वॅटच्या ट्रान्समीटरवर रात्रभर चालणारी राष्ट्रीय वाहिनी दुरुस्तीच्या वेळी आमची हक्काची असायची. १५६६ वर काटा नेला की रेडिओ जिवंत आहे की नाही ते लगेच कळे. डिसेंबर २०१८ मध्ये ती बंद करण्याचा निर्णय झाला. आता रात्री जे लागेल त्यावर भागवावे लागते, आणि काही रात्री बरेच लागते.

मेहकरचा रेडिओ माझ्या टेबलावर आहे. तासभर चालला की आवाज हळूच खाली बसतो, बंद करून गार होऊ दिला की पुन्हा नीट. यूबीएफ ८९ थकला असावा किंवा आयएफच्या डब्यातला एखादा कपॅसिटर तापल्यावर सरकत असावा. व्हॉल्व्ह बदलून पाहायचा तर दुसरा अजून मिळालेला नाही. खामगावच्या एका बंद झालेल्या दुकानाच्या माळ्यावर खोके आहे म्हणतात, दिवाळीनंतर जाणार आहे. चौथी तारीख मी अजून टाकलेली नाही.